उजव्या खांद्याचं ऑपरेशन झाल्यावर हात पट्ट्यात अडकवून दीड महिना कसा काढायचा?

ताई, तुम्ही लिहिलंय की खांद्याचा रोटेटर कफ फाटलाय, पुढच्या आठवड्यात कोल्हापुरात दुर्बिणीतून ऑपरेशन आहे आणि नंतर ६ आठवडे पट्टा. इचलकरंजीला घरी सासूबाई, दोन शाळकरी मुलं आणि मिस्टरांची रात्रपाळी. झोप, आंघोळ, कपडे, स्वयंपाक कसं जमवायचं, आणि इतके दिवस बांधून ठेवल्यावर हात आखडणार नाही का?

माझाही उजवाच होता. इथे कोल्हापुरात शुक्रवार पेठेत ब्लाउज शिवते, म्हणजे हातावरच पोट. जिन्यावरून घसरले, हात टेकला, आणि त्यानंतर डोक्यावरच्या फळीवरचा डबासुद्धा काढता येईना. औषधं आणि व्यायाम तुमचे डॉक्टर सांगतील तेच करा, मी घरातलं सांगते.

आधी पट्टा कशाला ते डोक्यात पक्कं बसू दे. बरेच जण समजतात की तो दुखू नये म्हणून असतो. तसं नाही. खांद्याच्या गोळ्याला चार स्नायू पुढून, वरून आणि मागून धरून असतात, तोच रोटेटर कफ. त्यातल्या एखाद्याचं हाडाला चिकटलेलं टोक, म्हणजे टेंडन, सुटलेलं असतं. ऑपरेशनमध्ये हाडात बारीक अँकर बसवतात आणि त्याच्या दोऱ्याने ते टोक परत हाडावर ओढून बांधतात. हा माझ्या धंद्यातला धावदोरा समजा. कापड जागेवर राहावं म्हणून घातलेला कच्चा टाका. पक्की शिलाई शरीरालाच घालायची असते, म्हणजे टेंडन हाडात रुजायचं असतं. पहिल्या ६ आठवड्यांत ते जेमतेम धरतं, बऱ्यापैकी ताकद यायला ३ महिने तरी लागतात.

आता गंमत बघा, दुखणं त्याच्या खूप आधी कमी होतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बाईला वाटायला लागतं, झालं की बरं! दूध उतू जायला लागलं की उजवा हात आपोआप पुढे जातो, कुकर उचलायला जातो, पोरगं धडपडलं की त्याला धरायला जातो. खरा धोक्याचा काळ हाच. पहिल्या आठवड्यात कोण हलवतंय हात, नुसत्या विचाराने डोळ्यांत पाणी येतं. तेव्हा पट्टा किती दिवस, रात्री पण का, घरात बसल्यावर काढायचा का, हे डॉक्टरांकडून नीट विचारून घ्या आणि बरं वाटतंय म्हणून स्वतःच्या मनाने कमी करू नका.

आखडण्याचं म्हणाल तर थोडा आखडतोच, साखर असेल त्यांचा जास्त. पण आखडलेला खांदा बहुतेक वेळा फिजिओथेरपीने हळूहळू सुटतो. सुटलेला टाका मात्र व्यायामाने बसत नाही. बोटं, मनगट आणि सांगितलं असेल तर कोपर मात्र पहिल्या दिवसापासून हलवत राहायचं. मऊ चेंडू दाबायचा, मूठ उघडझाप करायची. त्याने सूजही उतरते. सूज आणि काळंनिळं दंडावरून खाली कोपरापर्यंत, कधी बोटांपर्यंत उतरतं, ते बघून घाबरू नका. पण त्या हातात अंगठी नको, बांगड्याही नकोत. ऑपरेशनआधी काढायला लावतातच, सूज पूर्ण जाईपर्यंत परत चढवू नका, सासूबाई काहीही म्हणोत.

ऑपरेशनच्या दिवशीचं एक सांगते. मानेजवळ भुलीचं इंजेक्शन देतात, ब्लॉक म्हणतात. त्याने हात १२ ते २४ तास लाकडासारखा पडून राहतो, जागेवर आहे की नाही तेच कळत नाही. काहींचा आवाज घोगरा होतो, एक पापणी जड होते, श्वास जरा अपुरा वाटतो. ब्लॉक उतरला की हे जातं, तरी नर्सला सांगायचं, आणि श्वासाला खरंच त्रास वाटला तर लगेच. दुखत नाही म्हणून वेदनेची गोळी टाळणारे त्या रात्री फार भोगतात. ब्लॉक उतरायच्या आधीच गोळी पोटात गेलेली बरी, तिची वेळ आधीच विचारून ठेवा.

इचलकरंजीला परत जाताना गाडीत डाव्या बाजूला बसा, पुढे किंवा मागे. तिथला सीटबेल्ट डाव्या खांद्यावरून येतो. कोपराखाली उशी घ्या आणि ड्रायव्हरला गतिरोधकाचं आधीच सांगून ठेवा. रिक्षा नकोच.

झोप. हा सगळ्यात वाईट भाग, गोड बोलून उपयोग नाही. आडवं पडलं की खांदा ठणकायला लागतो. टेकून, अर्धवट बसून झोपायचं, पाठीमागे उशांचा उतार करायचा. आमच्याकडे रिक्लायनर कुठला, गादीची गुंडाळी भिंतीला लावली आणि वर दोन उशा. फिजिओवाल्या मॅडमनी एक खूण सांगितली होती ती फार कामाची: पडल्यावर मान न वळवता स्वतःचं कोपर दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर ते मागे घसरलंय, म्हणजे खांदा पुढून ताणला जातोय. दंड आणि कोपराखाली घडी घातलेली चादर सारा, लगेच दिसायला लागेल.

पट्टा बांधण्यातही तेच आहे. कोपर खोबणीत मागपर्यंत गेलं पाहिजे, मनगटाला आधार पाहिजे, आणि पंजा कोपरापेक्षा किंचित वर. पंजा खाली लोंबला की बोटं सुजतात, मुंग्या येतात. मानेला पट्ट्याची धार लागते, तिथे जुन्या सुती साडीच्या तुकड्याची चौपदरी घडी टाका. मंगळसूत्र त्याच जागी अडकतं, ते दीड महिना कपाटात ठेवलेलं बरं.

आता माझ्या प्रांतातलं. साडी विसरा. पुढून पूर्ण उघडणारे सैल सुती गाऊन घ्या. घालताना आधी ऑपरेशनचा हात, मग चांगला. काढताना उलटं, आधी चांगला, शेवटी दुखरा. बाहेर जायला ब्लाउज लागलाच तर जुन्यातला एक ढगळ घ्या, उजव्या खांद्याची शिवण गळ्यापासून उसवा, पुढे बाही वरून टोकापर्यंत कापा, आत दोन बोटं रुंद पट्टी लावा आणि टिच बटणं मारा. ब्लाउज डाव्या हातात चढवायचा आणि उजवीकडे वरून नुसता बंद करायचा, हात उचलायचा प्रश्नच नाही. महाद्वार रोडला मटेरियलच्या कुठल्याही दुकानात टिच बटणं मिळतात, पण हे काम ऑपरेशनच्या आधी उरकून ठेवा. परकराची नाडी एका हाताने बांधता येत नाही (दातात धरूनही बघितली), तिथे इलॅस्टिक ओवून घ्या. आतल्या कपड्यांविषयी कुणीच बोलत नाही. उजव्या खांद्यावर पट्टी येणारं काहीही सुरुवातीला सहन होत नाही, पुढून हूक असलेली सैल घ्या नाहीतर सुती स्लिप घालून खुशाल बसा. वेणी जमत नाही. क्लचर, नाहीतर सरळ केस कापून टाका.

टाके निघेपर्यंत, साधारण १० ते १४ दिवस, जखमेला पाणी लागू द्यायचं नाही. प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून कमरेखाली आंघोळ, वर ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. काखेचं मात्र आधीच विचारून ठेवा, कारण तिथे घाम साचून कातडी सोलते. पट्टा काढायची परवानगी असेल तर डावा हात स्टुलावर टेकून कमरेत पुढे वाकायचं, उजवा हात नुसता लोंबू द्यायचा, काख आपोआप उघडते. मग पुसून, कोरडी करून सुती कापडाची घडी ठेवायची. पहिले काही दिवस हे करताना कुणीतरी जवळ असू दे, चक्कर येते. आणि पायाखाली ओलं नको. एक हात बांधलेला असला की तोलही अर्धाच राहतो. पावसाळ्यात कोल्हापुरी पायताण बाजूला ठेवा, चामडी तळ ओल्या फरशीवर सरकतो. रबरी तळाची, नुसता पाय सरकवून घालायची चप्पल बरी.

जेवणाचं फार मनाला लावून घेऊ नका. डाव्या हाताने चमचा दोन दिवसांत जमतो. भाकरी एका हाताने तुटत नाही, तर आमटीत कुस्करून घ्या. पांढरा रस्सा वाटीने प्यायचाच असतो. मिसळीलाही अडचण नाही, आपल्याकडे सोबत ब्रेड असतो. प्रसाद डाव्या हातात घेतला म्हणून कुणी डोळे वटारले तर पट्ट्यातून बाहेर आलेला उजवा तळहात दाखवा, म्हणावं यावर ठेवा.

स्वयंपाकघर आत्ताच खाली उतरवा. रोजचे डबे, चहा-साखर, तेल, लायटर, सगळं कमरेच्या उंचीवर आणि डाव्या हाताला. मोठ्या डब्यातलं लहान डब्यांत काढून ठेवा, फिरकीची झाकणं नकोत. पोळ्या-भाकऱ्यांची सोय बाहेर लावा. दीड महिना पोळ्या विकत आणल्या म्हणून घराणं बुडत नाही, हे मिस्टरांना आधीच ऐकवून ठेवा.

आणि सल्लागारांपासून सांभाळा. आपल्याकडे गल्लीत तालीम आणि प्रत्येक घरात एखादा जुना पैलवान. मला किती जणांनी सांगितलं, वस्तादाकडून चोळून घे, चार दिवसांत हात फिरेल. उसण भरली, अंग आंबलं तर त्यांच्या मालिशीला माझं काही म्हणणं नाही. पण शिवलेल्या टेंडनवर चोळणं आणि हात ओढून फिरवणं म्हणजे धावदोरा उसवणं. गरम तेल, शेक, काही नको. बर्फ सांगितला असेल तर फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं, तेवढंच. मिश्री लावत असाल तर ती मात्र आजपासून बंद करा. तंबाखूतल्या निकोटिनने रक्तपुरवठा कमी होतो आणि टेंडन नीट रुजत नाही. आमच्या ओळखीत हे एवढं एकच ऐकायला कुणी तयार नसतं.

ताप, जखमेतून पू किंवा पाणी, बोटं निळी-थंड पडणं, पोटरी सुजून दुखणं, दम लागणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, लगेच फोन करायचा, आणि दम लागत असेल तर थेट दवाखाना गाठायचा.

पट्टा निघाल्यावर हात लगेच आपला होत नाही. आधी दुसऱ्या हाताने किंवा काठीच्या आधाराने उचलायचा, मग भिंतीवर बोटं चढवायची, मग स्वतःच्या जोरावर, आणि वजन साधारण ३ महिन्यांनंतर डॉक्टर म्हणतील तेव्हा. माझ्याकडे आधी हातशिलाई आणि हूक-काज आलं, मग मशीन, आणि जाड कापडावर कात्री चालवणं सगळ्यात शेवटी. तुमच्याकडे लाटणं आधी येईल, कणीक तिंबणं नंतर. माळ्यावरचे डबे काढायला मुलांनाच सांगा.