पायावरची जुनी जखम भरत नाहीये, अल्ट्रासाउंड थेरपीने फरक पडेल का?

थोडाफार पडू शकतो, पण त्याच्याच भरवशावर राहू नका. हे सोनोग्राफीचं मशीन नव्हे, यात 1 ते 3 मेगाहर्ट्झच्या लहरी थांबून थांबून सोडतात म्हणजे टिश्यू तापत नाही, आणि जेल लावून प्रोब बऱ्याचदा जखमेच्या कडेकडेने फिरवतात. दुसरा प्रकार 40 किलोहर्ट्झवाला, त्यात सलाइनचा बारीक फवारा मारतात, मशीन जखमेला टेकतच नाही. पेशींना चालना मिळते असं मानतात, पण व्हेरिकोजच्या अल्सरसाठी (शिरांच्या बिघाडामुळे पायाला होणारी जखम) 2017 च्या कॉक्रन रिव्ह्यूला (आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा) ठोस पुरावा सापडला नाही. म्हणून आधी शुगर, पायाचा रक्तपुरवठा आणि ड्रेसिंग नीट बघा, रक्तपुरवठा चांगला असेल तर डॉक्टरांना कॉम्प्रेशनबद्दल (पायाला घट्ट पट्टी बांधणं) विचारा. कॅन्सरची गाठ किंवा शिरेत गुठळी असेल तर त्या जागी हे अजिबात करून घेऊ नका.