सांबुका पेटवूनच प्यायची असते का?

तुम्ही लिहिलंय की जावई रोमहून सांबुकाची, म्हणजे चक्रीफुलाच्या वासाच्या गोड इटालियन दारूची, बाटली घेऊन आलेत, मोबाइलवर जो तो ती पेटवून पिताना दिसतो, मग घरी चार माणसांत ती कशी द्यायची. पेटवू नका. बाकीचं नंतर.

मी सावंतवाडीचा. नऊ वर्षं क्रूझच्या बोटीवर बारमध्ये काढली, त्यातली तीन कॉन्ट्रॅक्ट भूमध्य समुद्रातली. रोम बघायला येणाऱ्यांची बोट लागते चिवितावेक्किया बंदरात, आणि सांबुकाचं गाव तेच. लुईजी मान्झीने १८५१ साली ती तिथे विकायला काढली. आज दुकानात सगळ्यात जास्त दिसणारी मोलिनारीसुद्धा तिथलीच, १९४५ची. दर शनिवारी जुने पाहुणे उतरायचे, नवे चढायचे, आणि मधल्या वेळात आम्हाला दोन तास सुटी मिळायची. पोरं वायफाय शोधत फिरायची. मी फोर्ट मिकेलांजेलोच्या मागच्या गल्लीत एका लहानशा बारमध्ये जाऊन उभा राहायचो. काउंटरवर सत्तरीची बाई. आम्ही सगळे तिला सिन्योरा म्हणायचो.

पहिल्यांदा तिने मला कॉफी दिली. ती संपल्यावर न विचारता एक छोटा ग्लास पुढे ठेवला, त्यात बोटभर पाण्यासारखी स्वच्छ सांबुका आणि वर तरंगणारे कॉफीचे तीन भाजके दाणे. कॉफीनंतर घ्यायच्या अशा घोटाला तिथे ‘अम्माझाकाफे’ म्हणतात, कॉफीला मारणारा. आणि दाणे घातले की ती ‘कॉन ला मोस्का’. मोस्का म्हणजे माशी. सिन्योराने एकेका दाण्यावर बोट ठेवून सांगितलं, सालूते, फेलिचिता, प्रोस्पेरिता. आरोग्य, सुख, भरभराट. म्हणून दाणे तीनच. वास नाकात गेला आणि मला आईचा मसाला आठवला. अंगणात वाळत घातलेलं चक्रीफूल. त्याच चक्रीफुलाचं तेल यात असतं. घरापासून इतक्या लांब, तेही कॉन्ट्रॅक्टच्या आठव्या महिन्यात, तो वास आला तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

म्हणून साडूंच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली तेव्हा मी मुद्दाम सांबुका नेली. दुसऱ्या दिवशी रात्री गच्चीत दहाबारा जण बसलो होतो. मी दाणेही पुडीत बांधून नेले होते. थोरल्या साडूंनी बाटली माझ्या हातातून घेतली, सहा शॉटग्लास काठोकाठ भरले आणि लायटर लावला. ‘खरी इटालियन पद्धत हीच,’ म्हणाले. मी बशी घेऊन पुढे झालो, कारण ग्लासवर बशी झाकली की जाळ लगेच विझतो. त्यांनी माझा हात ढकलला. ‘बोटीवर ट्रे फिरवणाऱ्याने मला शिकवू नये.’

ट्यूबलाइटच्या उजेडात तो निळा जाळ दिसतच नाही. बायकोच्या चुलतभावाला वाटलं विझला, त्याने ग्लास तोंडाला लावला. काच तापलेली. ओठ भाजला, ग्लास सुटला, आणि पेटती दारू टेबलावरच्या प्लॅस्टिकवर सांडली. पाण्याची बादली जवळ होती म्हणून निभावलं. बोटीवर चढण्याआधी आम्हा सगळ्यांना आग विझवण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. धुराने भरलेल्या खोलीत शिरून बाहेर यावं लागतं. ट्रे फिरवणाऱ्यालासुद्धा. हे मी त्या रात्री बोललो नाही, आज बोलतो.

साडूंचं दुसरं म्हणणं होतं की पेटवली की दारू उडून जाते आणि ती सौम्य होते. साफ चूक. सांबुकात कमीत कमी ३८ टक्के अल्कोहोल असतं. वरची वाफ जळते, प्रमाण जरा खाली आलं की जाळ आपोआप विझतो, आणि बरंचसं अल्कोहोल ग्लासात तसंच राहतं. शिवाय ती कोमट होते आणि गोडी अंगावर येते. एका लिटरला निदान ३५० ग्रॅम साखर, हा युरोपातला नियमच आहे. म्हणजे तीसच्या पेगात साडेदहा ग्रॅम. एवढी गोड गोष्ट गरम करून कोण पितं?

तुम्ही असं करा. जेवण आटोपू द्या. छोट्या ग्लासात तीस मिली, तीन दाणे, आणि दाणे शेवटी चावून खायचे, कडवटपणाने गोडी तुटते. फिल्टर कॉफीची पूड चालणार नाही, अख्खे भाजलेले दाणेच हवेत. उन्हाळ्यात बर्फावर द्या. बर्फ वितळला की ती दुधासारखी पांढरी होईल. बाटली खराब नाही. बडीशेपेत आणि चक्रीफुलात असतं ते ॲनेथोल अल्कोहोलमध्ये विरघळतं, पाण्यात नाही, म्हणून असं होतं. फ्रीजमध्येही कधी गढूळ होते, बाहेर ठेवली की निवळते. कॉफी आवडणारे असतील तर एस्प्रेसोत साखरेऐवजी चमचाभर घाला, त्याला ‘काफे कोर्रेत्तो’ म्हणतात. सोड्याबरोबर मला नाही आवडत. डायबिटीस असणाऱ्याला देऊच नका.

खोटं बोलणार नाही, इटलीतही काही ठिकाणी ती पेटवून देतात, दाण्यांना भाजका वास येतो म्हणून. जाळ विझवून, ग्लास निवल्यावर ती प्यायला देणारी शहाणी माणसंही मी पाहिली आहेत. पण सिन्योराच्या बारमध्ये मी कधी काडी ओढलेली पाहिली नाही. आणि घरात, पोरांच्या देखत, प्लॅस्टिकच्या टेबलावर तर नाहीच.

साडू हे वाचत असतील तर एवढंच. चुलतभावाचा ओठ आठवड्यात बरा झाला. तुम्ही त्याला दुसऱ्या दिवशी फोन करून विचारपूस केलीत, मला केला नाहीत. दाण्यांची ती पुडी मी न उघडता परत आणली होती.