चोवीस इंची सायकल पुन्हा रस्त्यावर आणताना

प्रश्न : घरात वडिलांची २४ इंची फ्रेमची सायकल पडून आहे, सळईच्या ब्रेकची. दोन वर्षं गिअरची सायकल वापरली, पण वाकून बसल्याने मान आणि मनगटं भरून येतात. रोज संध्याकाळी हरिपूरला संगमापर्यंत जायचं आणि येताना भाजी आणायची, एवढीच गरज आहे. सगळे म्हणतात, जुनी सायकल जड आहे, दमाल. नीट करून घ्यावी का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : जरूर घ्या. तुमच्या गरजेला याहून सोयीची सायकल नाही.

वजन २० किलोच्या आसपास असतं हे खरं. पण सपाट रस्त्यावर ते फक्त सायकल सुटताना जाणवतं. एकदा चाल धरली की अडवतो तो वारा आणि कमी हवेचा टायर. दम लागतो तो चेन ज्यावर फिरते त्या चक्रांच्या दात्यांमुळे. या सायकलींना बहुधा पुढे ४८ आणि मागे १८ दाते असतात, म्हणजे पॅडलच्या एका फेरीत चाक २.६७ वेळा फिरतं. निवांत चालवणाऱ्याला हे भारी पडतं. मागे २२ दात्यांचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचं दात्यांचं चक्र, बसवा. तोच आकडा २.१८ होतो आणि पायावरचा जोर सुमारे १८ टक्क्यांनी उतरतो. मिनिटाला ५० फेऱ्या मारल्या तरी ताशी साडेचौदा किलोमीटर मिळतात. संध्याकाळच्या फेरीला आणखी काय हवं?

जुनं फ्रीव्हील पुलर लावूनच काढायला सांगा. छिन्नी-हातोडीने काढलं तर हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचे, आटे जातात. चार दाते वाढल्यावर चाक अर्धा इंच पुढे घेऊन जुनी चेन पुरते का ते पाहा, नाहीतर एक इंच चेन जोडा. चाक बसवल्यावर चेन मध्यावर बोटाने उचलली तर अर्धा इंच हलली पाहिजे. ताणून बसवली की बेअरिंग खाते, सैल सोडली की खड्ड्यात उतरते.

आता मापाचं. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय जमिनीवर टेकून उभं राहिलात, तर मध्ये निदान एक इंच मोकळं हवं. तेवढं नसेल तर २४ इंची फ्रेम तुमची नव्हे, २२ इंची शोधा. ओढाताण करून चालवू नका. सीटची उंची अशी ठरवा : पॅडल सगळ्यात खाली, त्यावर टाच, गुडघा सरळ. सीटपोस्ट निदान अडीच इंच फ्रेमच्या आत राहू द्या. हँडल सीटच्या बरोबरीने किंवा थोडं वर ठेवा. मनगटावरचा भार तिथेच उतरतो.

लोखंडाची फ्रेम धक्के पिते असं बरेच जण सांगतात. आमच्या मते त्याचं श्रेय जास्त करून दीड इंची टायरला आणि सीटच्या स्प्रिंगांना आहे. म्हणून हवा दगडासारखी भरू नका. ४५ पीएसआयच्या आसपास पुरे, पुढे थोडी कमी. कॅरिअरवर दहा किलो भाजी असेल तेव्हा मागे पाचेक वाढवा.

प्रश्न : आमची सायकल २०१९ च्या पुरात बुडाली होती. पुसून ठेवली होती. आता चालवायला काढली तर प्रत्येक फेरीला ‘कट्’ असा आवाज येतो. फ्रेम गेली असेल का?
— वाचक, सांगलवाडी

उत्तर : आवाज बहुतेक कॉटर पिनचा आहे, म्हणजे क्रँक (पॅडलचा दांडा) मधल्या एक्सलवर धरून ठेवणाऱ्या पाचरीचा. क्रँक हाताने हलवून पाहा. जरा जरी खेळली तर पिन झिजली आहे. नवी पिन त्याच जाडीची घ्या आणि तिची सपाट बाजू कानशीने घासत एक्सलच्या खाचेला पूर्ण टेकवा. ठोकताना क्रँकखाली लोखंडी पाइपचा आधार द्या, नाहीतर हातोडीचा मार बेअरिंगच्या छर्ऱ्यांवर जातो. नट आवळून पिन ओढून घ्यायचा मोह टाळा, आटे तुटतात. नट फक्त बसलेली पिन धरून ठेवतो. एक क्रँक वर आणि दुसरी खाली असताना एका पिनचा नट पुढे, दुसरीचा मागे आला पाहिजे. दोन्ही एकाच बाजूला आले तर पॅडल एका रेषेत येत नाहीत.

पण पुरात बुडालेल्या सायकलीचं काम एवढ्यावर थांबत नाही. पाणी नळ्यांत शिरतं, गाळ बेअरिंगमध्ये बसतो. सायकल पूर्ण उघडा. छर्रे सगळे नवे घाला, ते स्वस्त असतात : पुढच्या हबला ३/१६ इंची, बाजूला १०, मागच्या हबला पाव इंची, बाजूला ९, क्रँकच्या एक्सलला पाव इंची, बाजूला ११. छर्रे ज्यांवर फिरतात त्या कप आणि कोनवर खड्डे दिसले तर तेही बदला. सीटपोस्ट काढून फ्रेममधला गाळ धुऊन टाका, दोन दिवस उन्हात उलटी ठेवा, मग नळ्यांत इंजिन ऑइल सोडून फ्रेम सगळीकडे फिरवा. क्रँकच्या एक्सलजवळच्या सांध्यांवर टोच्याने टोचून पाहा. टोच्या आत गेला तर ती फ्रेम वापरू नका. वरवरचा गंज मात्र काही बिघडवत नाही.

प्रश्न : अशीच सायकल घेऊन यवतेश्वर घाटाने कासला जाता येईल का?
— वाचक, सातारा

उत्तर : चढताना उतरून ढकलावी लागेल, त्यात कमीपणा काही नाही. आमची हरकत उताराला आहे. सळईच्या ब्रेकचे रबर क्रोमच्या लोखंडी रिमवर आतून दाबतात. रिम ओली झाली की पकड एकदम उतरते आणि कासला जायचे दिवस नेमके पावसाचे असतात. ही सायकल शहरात आणि माहुलीच्या बाजूला फिरवा. तिथेही पावसात थांबायच्या बरंच आधी ब्रेक हलका दाबून रिम पुसून घ्या, मग जोरात दाबा.

प्रश्न : वजन कमी करायला चेनकव्हर आणि मडगार्ड काढू का?
— वाचक, मिरज

उत्तर : नको. चेन कोरडी राहते आणि धोतर-साडी-पँट काही अडकत नाही, ते चेनकव्हरमुळेच. मडगार्ड फक्त एका कारणाने त्रास देतं : पावसाळ्यात शेताच्या वाटेने गेलात की काळी माती त्यात आणि टायरमध्ये गच्च भरते आणि चाक थांबतं. अशा वेळी जोर लावू नका, मडगार्डच्या सळया वाकतात. काडीने माती ओली असतानाच काढा, वाळली की ती खरवडावी लागते.