दिवाळीच्या सुट्टीत घरी एकटं राहिलं तर उदास वाटतं का? वेळ कसा घालवावा?

तुम्ही लिहिलंय की दिवाळीत घरचे सगळे बाहेरगावी जाणार आहेत, तुम्हाला मात्र कुठेच जावंसं वाटत नाही, आणि 'सणाला एकटं राहणं अपशकुनी' असं घरात ऐकवलं जातंय. राहा. बिनधास्त राहा. हेच वाक्य मला माझ्या सख्ख्या भावाने सुनावलं होतं, म्हणून प्रश्न वाचून गप्प बसवेना.

मी सांगलीची, गावभागातली. शाळेत शिक्षिका आहे. आई गेल्यापासून घरी एकटीच असते, आणि दर दिवाळीला पुण्याला दादाकडे जायचे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा घरात आली. आयर्विन पुलापाशी 45 फुटांना धोक्याची पातळी धरतात, त्या वेळी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. 2005 चा पूर आम्ही पाहिलेला, त्या हिशोबाने सामान वर चढवून ठेवलं होतं. तो हिशोब चुकला.

पुढचे अडीच महिने मी विश्रामबागेत मावसबहिणीकडे होते. तिने मायेने सगळं केलं. पण त्या अडीच महिन्यांत मी एक तासही एकटी नव्हते. पाणी उतरल्यावर घरातलं सगळं बोळात मांडलं होतं. गाद्या, गंजलेलं कपाट, आईची लुगडी, माझ्या टाचणाच्या वह्या. येणारा-जाणारा थांबायचा, बघायचा, हळहळायचा. माणसं चांगली होती, गाळ काढायला हातही लावला. पण आपलं आतलं सगळं असं रस्त्यावर पडलं की सहानुभूतीचासुद्धा शीण येतो. मला दार लावून बसायला स्वतःच्या चार भिंती हव्या होत्या, मग त्या ओल्या असल्या तरी चालणार होतं.

21 ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान झालं, आम्हा शिक्षकांना ड्युटी. 24 ला निकाल, 25 ला धनत्रयोदशी. त्याच संध्याकाळी दादाचा फोन. "उद्याच्या गाडीने ये. त्या ओलीत कसली दिवाळी करतेस? सणाला एकटं राहू नये, अपशकुन असतो." मी म्हटलं, "नाही येत." मावसबहिणीकडून माझी बॅग उचलली आणि घरी आले.

त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलं होतं, रविवारी. पहाटे उठले. तांब्याचा बंब पुरातून वाचला होता, सरपण शेजारच्या काकूंनी दिलं. तेल लावलं, उटणं लावलं, कारीट फोडलं. पाठीला मात्र आपला हात पोचत नाही. खरं सांगते, चार दिवसांत एकटेपणा टोचला तो तेवढाच. आईचा हात आठवून मी न्हाणीघरात बराच वेळ बसून राहिले. मग पाणी घेतलं, आणि बरं वाटलं.

भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर पुराची रेघ होती. गवंड्याने बजावलं होतं की भिंत पुरती वाळल्याशिवाय रंग लावू नका, पोपडे धरतील. म्हणून तशाच भिंतीपुढे पाट मांडला, पूजा केली, दिवळीत पणती ठेवली. आई म्हणायची, लक्ष्मीपूजनाला घराला कुलूप नसावं. आमच्या बोळात त्या रात्री बरीच घरं अंधारात होती, लोक अजून परतलेच नव्हते. मी दार उघडं टाकून उंबऱ्याशी बसले. टीव्ही नव्हता, तो पाण्यात गेलेला. रस्त्यावरून जाणारे एक आजोबा थांबले, पणतीकडे बघून म्हणाले, "आलीस होय घरी?" आणि पुढे गेले. ऑगस्टपासून मला सगळे विचारत होते, किती नुकसान झालं. घरी आलीस का, असं विचारणारा हा पहिला माणूस.

आता वेळ कसा घालवायचा ते. साफसफाई काढू नका. सुट्टी मिळाली की माळा उपसायचा ही खोड वाईट आहे, चौथ्या दिवशी कंबर धरून कामावर जाल. फराळाचा एकच जिन्नस करा, पण स्वतः करा. मी पावशेर भाजणीच्या चकल्या केल्या, गरम खाल्ल्या. बाकी भडंग. स्वयंपाक एकट्यासाठी करायचा कंटाळा येतो म्हणून चार दिवस बिस्किटांवर काढू नका. ताट वाढून, खाली बसून जेवा. मोबाइलवर शुभेच्छांना उत्तरं देण्यात सकाळ जाते, ती देऊ नका, संध्याकाळी एकदाच द्या. आणि रोज एकदा पायी बाहेर पडा. मी पाडव्याला हरिपूरच्या रस्त्याने संगमेश्वरापर्यंत चालत गेले. तिथे वारणा कृष्णेला मिळते. ज्या पाण्याने घर धुऊन नेलं ते इतकं संथ वाहत होतं की मी त्याच्याकडे बघत तासभर काढला. राग नाही आला.

एक सांगायचं राहिलं. नुकतं कुणी गेलं असेल, रात्र रात्र झोप लागत नसेल, किंवा मनात भलतेसलते विचार येत असतील, तर हे सगळं विसरा आणि माणसांत जा. माझंही एकटं राहणं भिंतीपलीकडे काकू होत्या म्हणून निभावलं. त्यांच्याकडे किल्ली होती आणि सकाळी मी दार उघडलं की त्या खाकरून 'बरी आहेस ना' विचारायच्या. तुम्हीही एका तरी शेजाऱ्याला सांगून ठेवा.

राहिली भाऊबीज. त्या संध्याकाळी गच्चीवर गेले. पश्चिमेला, सांगलीवाडीच्या बाजूला ढगांतून बारीक कोर दिसली, जेमतेम दोन-चार मिनिटं. तिला ओवाळलं आणि दादाला फोन करून सांगितलं. तो भडकला. "भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. मी जिवंत आहे अजून. लोक म्हणतील, बहिणीला पुरात वाऱ्यावर सोडलं." मी त्या वेळी रडले आणि फोन ठेवला. पुढे दर वर्षी तो हेच काढतो, वहिनीसमोर, पाहुण्यांसमोर.

तेव्हा सुचलं नाही ते आता लिहिते. भाऊ पोचू शकत नाही तीही चंद्राला ओवाळते, हे आईनेच शिकवलंय. आणि भाऊबीजेच्या गोष्टीत यम यमुनेच्या घरी जेवायला जातो. यमुना घराला कुलूप लावून यमाकडे जात नाही. पुण्याहून सांगली तेवढीच लांब आहे जेवढं सांगलीहून पुणे. तुला माझी काळजी होती हे मला ठाऊक आहे, दादा, पण काळजी होती तर त्या ओल्या भिंतींत येऊन माझ्याबरोबर एक घास खायचा होतास.

यंदाही मी दिवाळीला सांगलीतच आहे. भिंती केव्हाच वाळल्या, रंगही झाला, रेघ मी मुद्दाम एका कोपऱ्यात वीतभर तशीच ठेवली आहे. भाऊबीजेला दोन पाट मांडणार आहे. दादाला तसं कळवलंय.