विचारा मॅडमना : शेवटचं प्रमोशन झालं, आता पेपर कशाला?

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी तालुक्याच्या गावी सीनियर कॉलेजात इतिहास शिकवतो, वय 51. पीएच.डी. पेशवेकाळातल्या पेठांवर केली, शेटे-महाजन (पेठेचे वतनदार), जकात, आठवडी बाजार वगैरे. तेव्हा सुट्टी लागली की पुण्याला पेशवे दफ्तरात जाऊन बसायचो, मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) सोडून वाचत राहायचो, जेवायचंही भान नसायचं. मग कामाचे गुण मोजणारा एपीआय आला, त्या गुणांवर प्रमोशन देणारी कॅस योजना आली, आणि दर वर्षी दोन-तीन पेपर टाकत गेलो. गेल्या वर्षी प्रोफेसर झालो आणि तेव्हापासून एक ओळ लिहिलेली नाही. एका संपादित पुस्तकाला प्रकरण द्यायचं कबूल केलंय, एका मित्राबरोबरचा पेपर अर्धा पडलाय, पीएच.डी.चं पुस्तक करायचं कधीचं राहिलंय. फाइल उघडतो आणि बंद करतो. वर्गात मात्र अजून मजा येते. मिसेस म्हणते सोडून द्या, कोण विचारतंय आता. खरंच सोडू का, की हा नुसता आळस आहे?

उत्तर : आळस कसला हो, आळशी माणूस दर वर्षी दोन-तीन पेपर टाकत नाही. मला तुमच्या पत्रात दोन वेगवेगळी कामं दिसतात आणि तुम्ही दोघांनाही संशोधनच म्हणताय. एक म्हणजे दफ्तरात बसून पेठेत कोण कुणाकडून काय वसूल करत होतं ते शोधणं. दुसरं म्हणजे गुण जमवणं. दुसरं काम गेल्या वर्षी संपलं, रीतसर संपलं, आणि त्याच्या मागोमाग पहिलंही संपलं असं तुम्हाला वाटायला लागलंय.

गुणांचा हिशेब तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला पाठ असेल. 2010 च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांतून एपीआय आला, मग 2018 च्या नियमांत आपल्या आर्ट्सवाल्यांना एका पेपरला 10, सायन्सला 8, पुस्तकातल्या प्रकरणाला 5. दोघांनी मिळून लिहिला तर प्रत्येकाला 70 टक्के, म्हणजे दहाचे चौदा होतात! (स्टाफरूममधल्या काही लेखक-जोड्या कशा जमल्या ते यावरून ओळखा.) ज्यांतले पेपर गुणांना धरतात त्या जर्नलच्या याद्यांचं तर विचारूच नका, 2018 च्या मे महिन्यात यूजीसीच्या मान्य यादीतून एकदम 4,305 जर्नल काढली, मग केअर लिस्ट नावाची नवी यादी आली, आणि 2025 मध्ये तीही बंद झाली. इतकी वर्षं यादी बघून लिहिलेल्या माणसाला यादीची गरज संपल्यावर काय लिहावं ते सुचत नाही, यात नवल ते काय?

आता उरलेल्या कामांचं. प्रकरण देणार नाही असं संपादकांना आजच दोन ओळींत कळवा, आजारपणाच्या गोष्टी नकोत, सरळ जमणार नाही म्हणा. संपादकाला नकाराचा त्रास होत नाही, काहीच उत्तर न येण्याचा होतो, मी दोन्ही बाजूंना बसलेय म्हणून सांगते. मित्राला फोन करा, तुमच्या सगळ्या नोंदी देऊन टाका आणि पेपर त्यालाच पूर्ण करू दे, जेवढं काम केलंय त्यापलीकडे नावाचा हट्ट धरू नका. यात कमीपणा नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती (अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेली संहिता) घ्या, काम 1919 ला सुरू झालं, संपादक वि. सी. सुकथनकरांनी 1925 पासून ते उभं केलं आणि 1943 मध्ये ते गेले, तेव्हा बरीच पर्वं व्हायची होती. ती पुढच्यांनी केली, 1966 ला पूर्ण झालं.

पीएच.डी.च्या पुस्तकाबद्दल माझं मत जरा कडक आहे. प्रबंध जशाचा तसा छापू नका, शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) असेलच, ज्याला हवा तो वाचेल. नसेल तर लायब्ररीत सांगून चढवून घ्या. पुस्तक करायचंच असेल तर संशोधन पद्धती आणि पूर्वसंशोधनाचा आढावा ही दोन प्रकरणं आधी कापा, आणि मराठीत लिहा, बाजारात बसणाऱ्या माणसाला वाचता येईल असं. तुमच्याच गावाला पेठ असेल ना? आठवडी बाजार कुठल्या वारी भरतो, त्याच वारी का, जुन्या कागदांत काही सापडतं का? मोडी वाचता येणारे किती लोक आहेत तुमच्या तालुक्यात? वर्गातली चार मुलं धरा, मोडी शिकवा आणि त्यांना घेऊन घराघरातले कागद बघा. याला गुण मिळणार नाहीत, ते एक बरंच आहे.

आणि विषयच बदलावासा वाटला तर बदला. डी. डी. कोसंबी मुळात गणिताचे, आहत (ठसे मारलेल्या प्राचीन) नाण्यांची वजनं करून त्यावर संख्याशास्त्र लावत बसले आणि त्यातून प्राचीन इतिहासात शिरले. तुम्ही तर इतिहासातच आहात, तुम्हाला बाजारातून शेतीत नाहीतर बलुत्यांत जायला कोण अडवणार?

एकच करा, येत्या सुट्टीत एकदा दफ्तरात जाऊन या. लिहायचं म्हणून नाही, वाचायला. रुमाल सोडूनही काही वाटलं नाही तर खुशाल सोडा. वर्गात मजा येते हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण पगार मुळात त्याचाच मिळतो आपल्याला.

प्रश्न : मॅडम, माझी पीएच.डी. चालू आहे. आधी वाचनाचं वेड होतं, आता लॅपटॉप उघडला की पोटात गोळा येतो. गाईड म्हणतात आधी पेपर टाक. टाकू का?

उत्तर : यूजीसीच्या 2016 च्या नियमांत प्रबंध देण्याआधी एक पेपर आणि परिषदांत दोन सादरीकरणं लागायची, 2022 च्या नियमांत ती सक्ती नाही. पण विद्यापीठं आपापलं काही लावतात, म्हणून पीएच.डी. सेक्शनला लेखी विचार, कॉरिडॉरमधल्या माहितीवर जाऊ नकोस. सक्ती नसेल तर गाईडना म्हण, सर, आधी एक प्रकरण देते, त्यातूनच पेपर काढू. आणि पैसे घेऊन आठवड्यात छापून देतो असा मेसेज आला तर उत्तर देऊ नकोस, नंबर ब्लॉक कर.