आमच्या घराण्याला शेक सोसत नाही

"मॅडम, आमच्या घराण्याला शेकच सोसत नाही." खुर्चीत बसायच्या आधीच ताई म्हणाल्या. वय ४१, प्राथमिक शाळेत शिक्षिका. स्तनातली गाठ काढलेली, केमो संपलेली, आता १५ दिवस रेडिएशन, म्हणजेच शेक. हातात जनुक चाचणीचा रिपोर्ट: बीआरसीए-१ मध्ये दोष. डोळ्यांसमोर मात्र १९९६ सालची आईची काख, सोलवटलेली, पाणी सुटलेली. जीन आईचं, म्हणजे भाजणंही आईचंच, असा त्यांचा हिशेब.

मी विचारलं, "आईंना कुठल्या मशीनवर शेक दिला होता?"

सोबतच्या मावशी म्हणाल्या, "कोबाल्ट की काय ते."

निम्मा उलगडा तिथेच झाला. कोबाल्टच्या किरणांचा जोर कातडीखाली जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरवर सर्वांत जास्त असतो. आता सर्रास वापरतात त्या लिनॅक नावाच्या मशीनच्या ६ एमव्ही (ही किरणांची ताकद) किरणांचा साधारण दीड सेंटिमीटरवर. आईंची कातडी जास्त भाजली त्यात मशीनचा वाटा मोठा असणार, आणि ते मशीन काही वारशात येत नाही.

"पण जीन तर आलंय ना?" बाई शिक्षिका, सहज सोडणाऱ्या नव्हत्या.

मग कागदावर दोन रेघा काढल्या. बीआरसीए-१ हे तुटलेला डीएनए सांधणारं जनुक. प्रत्येक पेशीत त्याच्या दोन प्रती, एक आईकडची, एक वडिलांकडची. ताईंची आईकडची प्रत खराब, पण वडिलांकडची शाबूत, आणि निरोगी पेशीला दुरुस्तीसाठी तेवढी पुरते. गाठीतल्या पेशींनी बहुतेक वेळा ती दुसरीही गमावलेली असते. किरणांनी डीएनए दोन्हीकडे तुटतो, पण सांधायची सोय कातडीकडे असते, गाठीकडे नसते. या दोषामुळे शेकाचा त्रास इतरांपेक्षा वाढतो, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही.

सगळ्याच जनुकांचं असं नसतं, हेही सांगितलं. खोटा धीर पुढच्या भेटीत अंगलट येतो. टीपी-५३ या जनुकात जन्मजात दोष असेल तर शेकामुळे पुढे दुसरा कर्करोग उद्भवण्याची भीती असते, म्हणून डॉक्टर शक्यतो शेक टाळतात. एटीएम नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती खराब असल्या तर नेहमीचा डोसही शरीराला झेपत नाही. पण तो आजार लहानपणीच, चालताना तोल जाण्यातून दिसू लागतो. 'जीन पॉझिटिव्ह' एवढंच ऐकून मी काहीच बोलत नाही, आधी जनुकाचं नाव वाचते. ताईंच्या रिपोर्टात ही दोन्ही तपासली होती, दोन्ही स्वच्छ.

शेक सुरू झाला. कातडी काळवंडेल, काखेत आग होईल, आणि जोर शेक संपल्यावर आठवड्याभराने वाढेल, हे मी आधीच बजावलं होतं. तरी शेक संपल्याच्या सहाव्या दिवशी फोन आलाच. "मॅडम, आईसारखं सुरू झालं." फोटो मागवला. लाल, थोडं सालपट, पाणी कुठेच नाही. तरी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवायला सांगितलं.

महिन्याने ताई आल्या, बिनबाह्यांचा सुती ब्लाउज घालून. यावेळी बोलायचं होतं मावशींना. "माझी पण चाचणी करायची का हो?"