समितीत जावं का?

प्रश्न : माझी मुलगी ऑस्ट्रेलियात पर्थला एका खाण कंपनीत अकाउंट्सला आहे. तिथल्या मूळ रहिवाशांशी सलोखा वाढवण्याचा आराखडा कंपनीने केलाय आणि तिला त्या समितीत बोलावलंय. मीटिंगआधी ‘या भूमीच्या पारंपरिक मालकांना वंदन’ असंही म्हणायचं असतं. ती म्हणते, ‘आई, मी काल आलेली, माझ्या तोंडी हे शोभतं का? आणि हा सगळा देखावाच नाही का?’ काय सांगू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, वंदन कुणीही करू शकतं, काल आलेलासुद्धा. पाहुण्यांचं स्वागत करायचा मान मात्र त्या भूमीच्याच माणसांचा. पर्थ ही नूंगार या मूळ रहिवाशांतल्या वाजुक गटाची भूमी; नाव चारदा घोकून जा म्हणावं. मी तिथं बरीच वर्षं काढली, चुकीचा उच्चार कानाला फार टोचतो.

देखाव्याची शंका रास्त आहे. रिओ टिंटो या बड्या खाण कंपनीकडे अशा आराखड्यांतला सर्वांत वरचा दर्जा होता. तरी मे २०२० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागातल्या जूकन गॉर्ज या घळीतल्या गुहा त्यांनी लोहखनिजासाठी सुरुंगाने उडवल्या. ४६ हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या खुणा होत्या तिथं! माणसाच्या केसांची, सुमारे ४ हजार वर्षांपूर्वीची वेणीही सापडली होती आणि तिचा डीएनए त्या भूमीच्या आजच्या पारंपरिक मालकांशी, पुटू कुंटी कुर्रामा व पिनिकुरा लोकांशी, जुळला होता. सरकारी परवानगी २०१३ लाच हातात, म्हणजे कायद्याने सगळं चोख. वर त्या लोकांनी जाहीर विरोध करू नये अशी करारातच तजवीज. आधी साहेबांचे नुसते बोनस कापले. गुंतवणूकदार खवळले तेव्हा कुठे मुख्याधिकाऱ्यासह तिघांना जावं लागलं. आराखड्याचा दर्जाही काढून घेतला गेला.

म्हणून समितीत जरूर जावं, पण तोंड उघडायला जावं. आपल्या कंपनीच्या करारांत असं तोंड बांधणारं कलम आहे का, हे पहिल्याच बैठकीत विचारावं. आणि अकाउंट्सची माणसं काय बघू शकतात ते बाकीच्यांना दिसत नाही! मूळ रहिवाशांच्या किती फर्मना कामं दिली, त्यांची बिलं किती दिवसांत चुकती केली, हे तिच्या कॉम्प्युटरवरच आहे. छोट्या ठेकेदाराचं बिल दोन-दोन महिने अडकलं तर तो सलोखा कसला?

जुलैत नायडॉक सप्ताह असतो, मूळ रहिवाशांच्या संस्कृतीचा उत्सव. त्याच्या चहापानाचं काम नव्या पोरीच्या गळ्यात पडेलच. खुशाल करावं, फक्त थकलेल्या बिलांची यादी त्याआधी समितीपुढे ठेवावी.